कूलरची हवा आणि साठ मायक्रोव्होल्ट : प्रकल्प नोंदी

८ मार्च

आज वही उघडली. एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प मार्गदर्शक मॅडमनी मंजूर केला. वीज वाहणारं पॉलिमर (प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ) आणि कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) यांची मिश्र फिल्म बनवायची, तिचं एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवायचं, आणि किती व्होल्टेज मिळतं ते मोजायचं.

विषय मी सुचवला, आणि मला तो बाबांकडून मिळाला. बाबा नागपूरजवळ बुटीबोरीला एका कारखान्यात बॉयलरवर आहेत. आठवीत असताना त्यांचा घरी राहिलेला डबा द्यायला गेले होते. वाफेच्या पाइपांवर जाड आवरण होतं, तरी शेजारी उभं राहिलं की चेहरा तापायचा. मी विचारलं, ही गरमी जाते कुठं? "हवेत. आणखी कुठं जाईन?" म्हणाले. कोळसा जाळून केलेली उष्णता नुसती हवेत सोडायची, हे मला तेव्हा पटलं नव्हतं. आजही पटत नाही.

तत्त्व दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. १८२१ मध्ये थॉमस सीबेकने दोन वेगळ्या धातूंचं कडं केलं, एक सांधा तापवला, आणि जवळची होकायंत्राची सुई हलली. त्याला वाटलं की हे चुंबकत्व आहे. खरं तर कड्यातून वीज वाहत होती. पदार्थाचं एक टोक तापलं की तिथले विद्युतभार वाहक थंड टोकाकडे पसरतात आणि दोन टोकांत व्होल्टेज उभं राहतं. एका अंशाच्या फरकाला किती व्होल्टेज, तो त्या पदार्थाचा सीबेक गुणांक. तांब्याचा जेमतेम दोन मायक्रोव्होल्ट. बिस्मथ टेल्युराइडचा सुमारे दोनशे.

१० मार्च

मग पॉलिमरच कशाला, हा प्रश्न बाबांनी रात्री जेवताना विचारलाच. उत्तर नीट लिहून ठेवते, कारण तोंडी परीक्षेतही हेच विचारणार.

चांगल्या थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे उष्णतेपासून वीज करणाऱ्या, मालाला वीज भरपूर वाहू द्यावी लागते आणि उष्णता मात्र अडवून धरावी लागते. दोन्ही गोष्टी एकत्र मागणं अवघड, कारण धातूत वीज आणि उष्णता दोन्ही नेणारे इलेक्ट्रॉन तेच. म्हणून एक आकडा काढतात, झेडटी: सीबेकचा वर्ग गुणिले वाहकता गुणिले तापमान, भागिले उष्मावाहकता. बिस्मथ टेल्युराइडचा खोलीच्या तापमानाला साधारण १ येतो. पण तो माल ठिसूळ, टेल्युरियम दुर्मीळ, आणि गोल पाइपवर गुंडाळायचा म्हटलं तर तुकडे होतील.

पॉलिमरची उष्मावाहकता मुळातच कमी, बहुतेकांची ०.२ वॉट प्रति मीटर केल्विनच्या आसपास. वाकतो, पाण्यातून लेपता येतो, शाईसारखा छापता येतो. अडचण एकच होती, की पॉलिमर वीज वाहत नाही असंच सगळे धरून चालत. १९७७ मध्ये पॉलिअॅसिटिलीनला आयोडीनची वाफ देऊन त्याची वाहकता लाखो पटींनी वाढवल्याचं हीगर, मॅकडिअर्मिड आणि शिराकावा यांनी दाखवलं. त्यांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शिराकावांच्या प्रयोगशाळेत आधी एकदा उत्प्रेरक चुकून हजार पट जास्त पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चकचकीत फिल्म तयार झाली, तिथून हे सगळं सुरू झालं. ही गोष्ट मी आईलाही सांगितली. तिला भाजीत चुकून मीठ जास्त पडल्याची गोष्ट वाटली, आणि तसंच आहे ते.

आम्ही वापरणार ते पेडॉट-पीएसएस. पेडॉट वीज वाहतो पण पाण्यात विरघळत नाही. पीएसएस हे आम्ल-पॉलिमर त्याला पाण्यात तरंगतं ठेवतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जर्मनीत बायर कंपनीत पेडॉट तयार झालं, आणि फोटोच्या फिल्मवर स्थिर वीज साचू नये म्हणून त्याचा लेप वापरात आला. २०११ मध्ये स्वीडनमधल्या लिन्शोपिंगच्या गटाने पेडॉटच्याच दुसऱ्या एका रूपात झेडटी ०.२५ पर्यंत नेला, २०१३ मध्ये मिशिगनच्या गटाने पेडॉट-पीएसएसमध्ये ०.४२. आमचं ध्येय एवढं मोठं नाही. आम्हाला एक विश्वासाचा आकडा हवा आहे.

१४ मार्च

मापनाची मांडणी झाली. नागपुरात बर्डीच्या बाजारात मोदी नंबरच्या गल्ल्यांत फिरून दोन पेल्टियर मॉड्यूल (वीज दिली की एक बाजू तापते, दुसरी थंड होते अशा चकत्या), उष्मा-पेस्ट आणि अॅल्युमिनियमचे दोन ठोकळे आणले. दोन मॉड्यूल एक सेंटिमीटर अंतरावर, मधल्या जागेवर पुलासारखी काचेची पट्टी, पट्टीवर फिल्म. एक मॉड्यूल तापवतं, दुसरं थंड करतं. फिल्मवर चांदीच्या पेस्टचे दोन ठिपके, त्या ठिपक्यांवरच तांब्याची तार आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी). व्होल्टेज एका जागी आणि तापमान दुसऱ्या जागी मोजलं की सगळं फुकट, म्हणून ठिपका एकच. व्होल्टेज विभागातल्या साडेसहा अंकी मल्टिमीटरवर.

पॉलिमरच्या आधी कॉन्स्टंटनची (तांबं-निकेलच्या मिश्रधातूची) पट्टी लावली. तांब्याच्या तुलनेत तिचा गुणांक अंशाला चाळीस मायक्रोव्होल्टच्या आसपास यायला हवा आणि चिन्ह ऋण. पहिल्या फेरीत ३३ आला. ठिपक्याखाली थर्मोकपल नीट टेकलेलं नव्हतं. पुन्हा पेस्ट लावली, वरून वजन ठेवलं: ३९.६. मग एका फरकावर थांबले नाही. दोन, चार, सहा, आठ अंश असे फरक घेतले आणि व्होल्टेजचा आलेख काढला. सरळ रेघ आली. उतार हाच गुणांक. रेघ शून्यातून जात नाही, तीन-चार मायक्रोव्होल्ट वर राहते. ते मीटरचं आणि सांध्यांचं देणं आहे, उतार घेतला की ते गळून पडतं.

१९ मार्च

पहिल्या फिल्म. पेडॉट-पीएसएसची बाटली उघडली की गडद निळी शाईच. काचेच्या पट्ट्या साबण, अॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल अशा क्रमाने धुतल्या, थेंब सोडून साठ अंशांवर वाळवल्या, मग एकशे वीसवर पंधरा मिनिटं.

पहिल्या पट्टीवर मधे फिकट आणि कडेला जाड वलय आलं, चहा सांडून वाळला की बशीवर येतं तसं. पाणी कडेला लवकर उडतं आणि माल सोबत ओढून नेतं. वाळवण्याचा वेग कमी केला, पट्टीवर उलटी काचेची वाटी झाकली, तेव्हा कुठे एकसारखी बसली.

साधी फिल्म: वाहकता ०.५ सिमेन्स प्रति सेंटिमीटर, सीबेक १५.२.
पाच टक्के डीएमएसओ (एक द्रावक) घातलेली: वाहकता ३८०, सीबेक १५.६.

वाहकता सातशेहून जास्त पटींनी वाढली आणि सीबेक जागचा हलला नाही! पुस्तकात वाचलं होतं, पण आपल्या हाताने चमचाभर द्रव घालून हे होताना पाहिलं की वेगळंच वाटतं. डीएमएसओ नवे वाहक आणत नाही. पेडॉटचे कण आणि पीएसएसची सालं यांची मांडणी बदलते, कणाला कण लागतो आणि रस्ता मोकळा होतो. वाहक तेवढेच राहिल्यामुळे सीबेकही तेवढाच.

दोन्ही पट्ट्यांवर तारीख टाकून डबीत ठेवल्या. (ही डबी पुढे फार उपयोगी पडली, म्हणून नंतर येऊन ही ओळ लिहिते आहे.)

२ एप्रिल

नॅनोट्यूब. बहुभित्तीचे (एकात एक नळ्या), काळी भुकटी, मुखपट्टी आणि हातमोज्यांशिवाय बाटली उघडायची नाही असा मॅडमचा दंडक. कार्बनच्या या नळ्या पाण्यात टाकल्या की एकमेकींना चिकटून गोळे होतात. अल्ट्रासॉनिकच्या भांड्यात बर्फ घालून दोन तास हलवलं तरी तळाशी काजळी बसलीच.

मिश्रणाचा हेतू लिहून ठेवते. नॅनोट्यूब वीज जोरात वाहते, पण उष्णताही तितक्याच जोरात वाहते. दोन नळ्यांच्या सांध्यात मात्र पॉलिमरचा पातळ पदर येतो. विद्युतभार त्यातून पार होतात. उष्णता नेणारी अणूंच्या जाळीची कंपनं अडतात, कारण कडक कार्बन आणि मऊ पॉलिमर यांची कंपनं जुळत नाहीत. शिवाय त्या सांध्यावर कमी ऊर्जेचे वाहक अडून जास्त ऊर्जेचे पुढे गेले तर सीबेकही वाढतो. म्हणजे या मिश्रणात सगळी कमाई सांध्यांवर आहे.

९ एप्रिल

गोळे फुटावेत म्हणून वेगळं पीएसएस आणून मिश्रणात जास्तीचं घातलं. लगेच काळी, गुळगुळीत, एकजीव शाई झाली. तळाशी काही नाही. या शाईत डीएमएसओ घातलं नाही, आधी नुसतं मिश्रण पाहायचं ठरवलं.

गर्मी वाढली. प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांनी तिथला कूलर काढला, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या. पहिल्या दिवशीचा तो ओल्या वाळ्याचा वास! दुपारी बाहेर एक्केचाळीस आणि आत बसून काम करवतं, ते या कूलरमुळेच.

१२ एप्रिल

सीबेक ६१.

पुन्हा मोजला. ६०. दुसरी पट्टी, ६३. प्रकल्पातली माझी जोडीदारीण खुर्चीवरून उठून उभी राहिली. वाहकता नऊच आहे, डीएमएसओवाल्या फिल्मच्या ३८० पुढे फारच कमी, पण वाहकता कशी वाढवायची हे आम्हाला आता ठाऊक आहे. सीबेक वाढवणं हेच अवघड, आणि तो चौपट झाला. सूत्रात त्याचा वर्ग येतो, म्हणजे सोळा पट.

मॅडमना दाखवलं. त्या आलेखाकडे बराच वेळ पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "छान आहे. आता हा आकडा खोटा ठरवायचा प्रयत्न कर. आठ दिवस घे." मला त्या वेळी वाईट वाटलं, हे लिहून ठेवते.

१६ एप्रिल

फिल्म एथिलीन ग्लायकॉलमध्ये बुडवून धुतली. त्याने जास्तीचं पीएसएस निघून जातं आणि वाहकता वाढते. वाढली: ९ वरून २४०. सीबेक ६१ वरून २९.

जोडीदारीण म्हणाली, धुताना नॅनोट्यूबही गेल्या असतील. धुतलेलं द्रव पाहिलं, स्वच्छ होतं. नॅनोट्यूब गेल्या असत्या तर काळं पडलं असतं. मग गेलं ते पीएसएस. पण पीएसएस वीज वाहत नाही, ते सीबेक कसं वाढवेल?

१९ एप्रिल

दुपारी अडीचला लाईट गेली. मीटर आणि पेल्टियरचा सप्लाय यूपीएसवर असतो, कूलर नसतो. न धुतलेली पट्टी मांडणीवर होती, फरक सहा अंशांवर स्थिर. काकांनी खिडक्या उघडल्या, बाहेरची कोरडी झळ आत आली. आम्ही दोघी घामाघूम होऊन पाहत होतो आणि व्होल्टेज उतरत होतं. ३६० मायक्रोव्होल्ट. ३३०. २९०. तापमानाचा फरक तोच, सहा. पाऊण तासाने १९० वर आलं. लाईट आली, कूलर सुरू झाला, खिडक्या लावल्या, आणि अर्ध्या तासात आकडा परत चढू लागला.

काका दारात उभे होते. म्हणाले, "कूलरचं पाणी पिऊन राहिली का जी तुमची पट्टी?"

अगदी तेच होतं.

२० एप्रिल

सकाळी सातला आले. डबीतली मार्चची साधी पट्टी काढली, १५.२ वाली, जिच्यात नॅनोट्यूबचा कणही नाही. कूलर लावून खोलीची आर्द्रता ६६ टक्क्यांवर नेली, तासभर थांबले, मोजलं. ४४. डीएमएसओ घातलेल्या पट्टीवर मात्र फरक फारसा नाही, १५.६ चे १९ झाले.

मार्चमध्ये कूलर नव्हता, खोलीत आर्द्रता तिशीत होती. एप्रिलमध्ये कूलर आला आणि त्याच आठवड्यात नॅनोट्यूबची शाई जमली. मी श्रेय नॅनोट्यूबना दिलं.

कारण आता मांडता येतं. पीएसएस हे आम्ल आहे. ते हवेतली वाफ शोषून घेतं आणि पाणी मिळालं की त्याचे हायड्रोजन आयन सुटे होतात. गरम टोकाकडून थंड टोकाकडे हे आयनही सरकतात, आणि त्यांचा भार धन, पेडॉटमधल्या वाहकांचाही धन, म्हणून दोन्ही व्होल्टेज एकाच दिशेने बेरजेत पडतात. डीएमएसओच्या फिल्ममध्ये इलेक्ट्रॉनिक रस्ता इतका रुंद आहे की आयनांचं व्होल्टेज तिथेच दबून जातं. साध्या आणि जास्तीच्या पीएसएसच्या फिल्ममध्ये ते उघडं पडतं.

आयन चांदीच्या ठिपक्यातून तारेत जाऊ शकत नाहीत. ते थंड टोकाशी साचतात. म्हणून आज अखेरची तपासणी केली. ओल्या पट्टीवर फरक स्थिर ठेवून दोन टोकांमध्ये रोध जोडला. व्होल्टेज वीस मिनिटांत खाली बसलं, कोरड्या पट्टीचं तसंच राहिलं. एकदा भरलेला कपॅसिटर रिकामा व्हावा तशी ती वीज होती. आयनांचा हा गुण वापरून उष्णतेने भरणारे कपॅसिटर केलेही गेले आहेत आणि तो स्वतंत्र, चांगला विषय आहे. पण बाबांच्या पाइपवर मला दिवसरात्र वाहणारी वीज हवी. ती या साठात नाही.

२२ एप्रिल

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग कोरड्यात नॅनोट्यूबने किती दिले?" तो प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता, इतकी मी त्या साठाच्या मागे होते.

आजपासून प्रत्येक मापन बंद डब्यात, निळ्या सिलिका जेलवर रात्रभर ठेवून, आर्द्रता पंधरा टक्क्यांखाली आल्यावरच. तक्त्यात तापमानाच्या शेजारी आर्द्रतेचा रकाना वाढवला. छापलेल्या निबंधांत हा रकाना पुष्कळदा नसतो. पेडॉट-पीएसएसचा मोठा सीबेक पाहिला की मी आता आधी हाच रकाना शोधते. आकडा ज्या हवेत मोजला ती हवा सांगितल्याशिवाय तो आकडा अर्धाच आहे, असं माझं मत झालं आहे, आणि प्रबंधात मी ते लिहिणार आहे.

६ मे

खरे आकडे आले. नॅनोट्यूब, पेडॉट-पीएसएस, डीएमएसओ, मग एथिलीन ग्लायकॉलने धुतलेली. कोरड्यात सीबेक २३, वाहकता ३१०. सीबेकच्या वर्गाला वाहकतेने गुणलं तर सोळा मायक्रोवॉट प्रति मीटर केल्विन वर्ग. मार्चच्या डीएमएसओ फिल्मचा नऊ होता. पावणेदोन पट. सोळा पटींचं स्वप्न पाहून झाल्यावर पावणेदोन पट हातात घेताना मन आधी थोडं अडखळलं. पण हा आकडा चार पट्ट्यांवर, तीन वेगवेगळ्या दिवशी, त्याच जागी आला.

झेडटी लिहिणार नाही. वीज आम्ही फिल्मच्या लांबीच्या दिशेने मोजतो, तर उष्मावाहकताही त्याच दिशेने मोजायला हवी. नॅनोट्यूब आडव्या पडलेल्या असतात, त्यामुळे लांबीची उष्मावाहकता जाडीच्या दिशेपेक्षा बरीच जास्त असू शकते. आमच्याकडे लांबीची मोजायचं साधन नाही. एका दिशेचा भागाकार दुसऱ्या दिशेच्या आकड्याने करून मोठा झेडटी मिळवता येतो, पण तो खरा नसतो.

१५ मे

गेल्या आठवड्यात पट्टी बनवायला घेतली. पिवळ्या पॉलिइमाइडवर (उष्णता सोसणारं प्लास्टिक) बारा पाय, म्हणजे फिल्मचे लांबट तुकडे, प्रत्येक चार सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद, बारा मायक्रॉन जाड. सगळे धन प्रकारचे. खरं तर एक धन आणि एक ऋण अशी जोडी हवी. नॅनोट्यूबना पॉलिएथिलीनइमाइन देऊन ऋण करता येतं, पण हवेतला ऑक्सिजन त्यांना हळूहळू परत धनकडे ओढतो. एवढ्या वेळात ते जमणारं नव्हतं. म्हणून एका पायाच्या गरम टोकापासून पुढच्या पायाच्या थंड टोकापर्यंत बारीक तांब्याची तार. तांब्याचे अंशाला दोन मायक्रोव्होल्ट वजा होतात, पायामागे एकवीस उरतात.

ओल आत जाऊ नये म्हणून वरून पॉलिइमाइडच लावलं, कडांना एपॉक्सी. चार दिवसांत ओल आत. पॉलिइमाइड स्वतःच पाणी शोषतं हे नंतर वाचलं. अॅल्युमिनियमची फॉइल ओल अडवते, पण तीच उष्णता गरम टोकाकडून थंड टोकाकडे वाहून नेईल.

उपाय घरी सापडला. चिवड्याच्या पाकिटाचा आतला चकचकीत पदर. त्यावरचा अॅल्युमिनियम इतका पातळ असतो की उष्णता नेऊ शकत नाही आणि चिवडा मात्र महिनोन्‌महिने कुरकुरीत राहतो. आईने पाकीट धुऊन, पुसून, उन्हात वाळवून दिलं.

२७ मे

नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस. दुपारी दीड वाजता आमच्या घराच्या मागच्या टिनाच्या शेडखाली. टिनाच्या आतल्या बाजूला थर्मोकपल ६२ दाखवतं, शेडमधली हवा ४४. नागपूरने २०१३ च्या मेमध्ये ४७.९ पाहिलेत, त्यामानाने आजचा दिवस बरा म्हणायचा.

गर्मी भरपूर आहे, पण नुसत्या गर्मीने वीज होत नाही, फरक लागतो. सगळीकडे बासष्ट असेल तर हाती शून्य. थंड टोक कुठे टेकवायचं? आईच्या माठावर. कोरड्या हवेत माठाच्या अंगावरचं पाणी उडत राहतं, त्याची बाहेरची भिंत २८ होती. विजेशिवाय, दिवसभर.

उंच तिवईवर माठ ठेवला, पट्टीचं एक टोक उष्मा-पेस्टने टिनाला, दुसरं माठाच्या ओल्या गळ्याला. टिन आणि माठ यांच्यात चौतीस अंश, पण पट्टीच्या टोकांना प्रत्यक्ष मिळाले चोवीस. बाकीचे दहा दोन्हीकडच्या सांध्यांनी खाल्ले.

व्होल्टेज ६.० मिलिव्होल्ट. हिशेबाने बारा गुणिले एकवीस गुणिले चोवीस, म्हणजे ६.०५ मिलिव्होल्ट. मी हिशेब वहीत आधी लिहिला होता आणि मीटर नंतर जोडला. आई पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसत होती. "झालं का ग?" झालं, आई.

पट्टीचा रोध ३३० ओहम. जास्तीत जास्त मिळू शकणारी शक्ती सत्तावीस नॅनोवॉट. हातातल्या साध्या क्वार्ट्झ घड्याळाला साधारण एक मायक्रोवॉट लागतो, म्हणजे अशा पस्तीस-चाळीस पट्ट्या लागतील, आणि वीस मिलिव्होल्टपासून सुरू होणारी व्होल्टेज वाढवणारी आयसी. ती बाजारात आहे.

२८ मे

तुलना करायचीच होती. त्याच टिनाला बिस्मथ टेल्युराइडचं चार सेंटिमीटरचं पेल्टियर मॉड्यूल लावलं, दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियमचे पंखे, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या पात्या. मॉड्यूल जेमतेम चार मिलिमीटर जाड. त्यातून उष्णता इतकी वाहते की पंख्यांना ती टाकता येईना, आणि दोन बाजूंत फरक उरला तीन अंश. तरी दीडशे मिलिव्होल्ट आणि जवळजवळ तीन मिलिवॉट. आमच्या पट्टीच्या लाख पट.

हा आकडा प्रबंधात लपवणार नाही. फक्त त्याची फोड सोबत देईन. मॉड्यूलमध्ये २५४ पाय, प्रत्येक सुमारे दीड मिलिमीटर जाड आणि तितकाच उंच. मालाचं एकूण छेदक्षेत्र आमच्यापेक्षा सातशे-आठशे पट, आणि पाय पंचवीस पट आखूड. बारा मायक्रॉनची फिल्म म्हणजे केसापेक्षा पातळ लेप, त्यात माल किती असणार! उरलेला फरक मालाच्या गुणांचा, आणि तो खराच मोठा आहे, शेकडो पटींचा. आमच्या बाजूला एकच गोष्ट: पंख्याशिवाय, नुसत्या माठावर, चोवीस अंशांचा फरक टिकला. जिथे थंड करायला काही नाही आणि पृष्ठभाग लांबलचक आहे, तिथे जाड लेप छापून किती मिळेल, हा पुढचा प्रश्न आहे.

बाबांना पाइपचं विचारलं. म्हणाले, आवरणावर पन्नास-साठ, वाफेच्या उघड्या व्हॉल्व्हवर दीडशेच्या वर. तिथे हा पॉलिमर फार दिवस तग धरणार नाही. आवरणाच्या वरची कमी तापमानाची जागा हीच त्याची. "मग मीटर लांबीचं करून दे," म्हणाले. "मी बांधून पाहतो."

१५ जून

मिरग लागून आठवडा झाला, काल रात्री पहिला दणदणीत पाऊस. प्रयोगशाळेत कूलर बंद, खिडक्या उघड्या, आर्द्रता ८४ टक्के. मुद्दाम हीच वेळ निवडली.

डब्याबाहेर, टेबलावर, त्याच हवेत: एप्रिलची न धुतलेली पट्टी ६८, अजून चढते आहे. धुतलेली, न झाकलेली, २७. चिवड्याच्या पाकिटातली, एकोणतीस दिवस जुनी, तांब्याचा वाटा मिळवून: २२.८.

तासाभराने पुन्हा घेतला. २२.९. काकांना बोलावून आकडा दाखवला, मग मीटर बंद केलं.